मिल्कवीडच्या पानाखालचा ठिपका

जूनच्या पहिल्या आठवड्यात मिल्कवीड या चिकाच्या झाडाच्या शेंड्याजवळचं कोवळं पान हळूच उलटून पाहायचं. मागच्या बाजूला खसखशीच्या दाण्याएवढा दुधी ठिपका दिसतो. भिंग धरलं की त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेघा दिसतात आणि टोक किंचित निमुळतं वाटतं. हे मोनार्क फुलपाखराचं अंडं. मादी एका पानावर सहसा एकच घालते. पिवळ्या अंड्यांचा पुंजका असेल तर तो लेडीबगचा. केसाएवढ्या बारीक दांडीवर उभं राहिलेलं अंडं लेसविंगचं, आणि हे दोन्ही कीटक मोनार्कची अंडी खातात. चिकाचा सुकलेला थेंबही लांबून हुबेहूब अंड्यासारखा दिसतो, पण त्याला रेघा नसतात.

आमचं अंगण मध्य न्यू जर्सीत आहे. घरामागे रोज सहा-सात तास ऊन मिळणारी, बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद एवढी पट्टी. तिथे मिल्कवीड लावून मोनार्क वाढवताना वर्षभर काय करतो, काय बिघडतं आणि का बिघडतं, ते इथे लिहितो आहोत. नवीन माणूस बहुतेक वेळा आधी जाळीचा पिंजरा विकत आणतो आणि अळ्या मोठ्या झाल्या की पानं शोधत फिरतो. खरा क्रम याच्या उलट आहे. मोनार्कच्या अळीला मिल्कवीडवाचून दुसरं काही चालत नाही. कोबी, लेट्यूस, पालक काहीही दिलं तरी ती उपाशी मरते. एका अळीला कोषात जाईपर्यंत मोठ्या पानाच्या मिल्कवीडची पंधरा-वीस पानं लागतात, आणि त्यातली बहुतेक ती शेवटच्या चार-पाच दिवसांत संपवते. म्हणजे दहा अळ्या पाळायच्या तर दीड-दोनशे पानं आधी अंगणात हवीत.

महाराष्ट्रात रुईच्या झाडावर काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी अनेकांनी पाहिली असेल. ती बिबळ्या कडव्याची, म्हणजे प्लेन टायगर या फुलपाखराची. मोनार्कचा तो जवळचा भाऊबंद. दोघांचं शास्त्रीय नाव डॅनॉस याच शब्दानं सुरू होतं. बिबळ्या कडव्याच्या अळीच्या अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असतात, मोनार्कच्या अळीला दोनच. रुई आणि मिल्कवीडही एकाच कुळातली, म्हणून तोडल्यावर दोन्हींतून पांढरा चीक येतो. हवाईत तर मोनार्क रुईवरच वाढतो. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये हे आपल्याला लहानपणीच सांगितलेलं असतं. मिल्कवीडलाही तोच नियम. हा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, नजर धूसर होते आणि दवाखाना गाठावा लागतो. पानं तोडताना हातमोजे घालायचे आणि साबणानं हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला हात लावायचा नाही. मुलं मदतीला असली तर हे आधी सांगून ठेवायचं.

न्यू जर्सीत लावण्यासारखी देशी मिल्कवीड मुख्यतः तीन. कॉमन मिल्कवीडची पानं रुंद आणि जाड, मादीला ती फार आवडतात. पण हे झाड जमिनीखालून धुमारे सोडत पसरतं आणि तिसऱ्या वर्षी शेजारच्या हिरवळीत डोकं वर काढतं. आम्ही ते कुंपणाच्या कडेला ठेवलं आहे, जिथून बाहेर आलेला कोंब सहज उपटता येतो. स्वॅम्प मिल्कवीड जागच्या जागी झुडपासारखं तीन-चार फूट वाढतं. त्याला ओल आवडते, चिकणमाती चालते, म्हणून लहान अंगणासाठी पहिली पसंती याला. बटरफ्लाय वीडची नारिंगी फुलं सुंदर असतात आणि त्यावर फुलपाखरं मध प्यायला येतात, पण पानं अरुंद आणि खरखरीत असल्यानं अंडी कमी पडतात. त्याचं मूळ गाजरासारखं खोल जातं, एकदा लावलं की हलवायचं नाही. मोनार्कसाठीच्या बागेत किमान दोन जातींची मिळून दहा झाडं असावीत, असं कॅन्सस विद्यापीठातली मोनार्क वॉच ही संस्था सांगते. तो आकडा अगदी कमीत कमी धरायचा.

चौथं एक झाड आपल्या लोकांना ओळखीचं म्हणून हमखास आणलं जातं: लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू. इथे त्याला ट्रॉपिकल मिल्कवीड म्हणतात. ते भराभर वाढतं, बियांपासून सहज येतं आणि मादी त्यावर तुटून पडते. अडचण अशी की हे झाड थंडी नसलेल्या ठिकाणी सुकतच नाही. देशी मिल्कवीड शरद ऋतूत जमिनीपर्यंत सुकून जातं आणि त्याच्या पानांवर साचलेले रोगाचे बीजाणूही त्याच्याबरोबर जातात. हळदीकुंकू हिरवंच राहिलं की बीजाणू पिढ्यानपिढ्या साचत राहतात. शिवाय हिवाळा काढायला मेक्सिकोला निघालेली काही फुलपाखरं वाटेतच थांबून अंडी घालू लागतात. न्यू जर्सीत पहिल्या कडाक्याच्या थंडीत ते मरतं. पण ह्यूस्टन, टँपा अशा ठिकाणी ज्यांनी ते लावलं आहे त्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी ते जमिनीपासून सहा इंचांवर कापून ठेवावं, नवी पानं फुटली की पुन्हा कापावं. ज्यांना जमेल त्यांनी ते काढून त्या भागातलं देशी मिल्कवीड लावावं.

बियांना थंडी लागते. कुंडीत बी टाकून रोज पाणी घालूनही महिनाभर काही उगवलं नाही, तर बी खराब असेलच असं नाही, बहुधा त्याला हिवाळा मिळालेला नसतो. सर्वांत सोपी रीत म्हणजे नोव्हेंबरात जमीन गोठण्याआधी बी अंगणातच पाव इंच खोल पेरून टाकायचं आणि विसरून जायचं. रोपं करायची असतील तर कागदी टॉवेल ओला करून घट्ट पिळायचा, त्यात बी पसरायचं, घडी घालून झिपच्या पिशवीत भरायचं आणि फ्रिजमध्ये किमान तीस दिवस ठेवायचं. टॉवेल दमट हवा, पाणी निथळणारा नको. पाणी राहिलं की बुरशी येते आणि सगळं फेकावं लागतं. आठवड्यातून एकदा उघडून पाहायचं. मार्च अखेर मातीत लावलं आणि घरात ऊब असली की आठ-दहा दिवसांत कोंब येतात. पहिल्या वर्षी फूल येत नाही, त्यानं निराश होऊ नये. दुसऱ्या वर्षी मेच्या मध्यापर्यंत वाफ्यात काहीच दिसत नाही. मिल्कवीड सगळ्यांत उशिरा जागं होतं. मेलं समजून उकरायला जाऊ नये.

विकतचं रोप आणायचं असेल तर दुकानात एकच प्रश्न विचारायचा: या रोपाला निओनिकोटिनॉइड किंवा दुसरं कुठलं आंतरप्रवाही कीटकनाशक दिलं आहे का? उत्तर नीट मिळालं नाही तर ते रोप घ्यायचं नाही. हे औषध झाडाच्या रसात उतरतं, धुऊन जात नाही. एका वर्षी दुकानातल्या रोपावरची पानं खाऊन आमच्या सहा अळ्या दोन दिवसांत गेल्या. तोंडातून हिरवा द्रव आला, अंग पिळवटलं आणि त्या खाली पडल्या. त्या दिवसापासून बाहेरून आणलेलं रोप पहिला पूर्ण मोसम अळ्यांना देत नाही.

औषधांबद्दल आणखी तीन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण या चुका चांगल्या हेतूनं होतात. पहिली, कडुलिंबाचं तेल. आपल्या घरांत ते निरुपद्रवी समजलं जातं, पण त्यातला ॲझाडिरॅक्टिन हा घटक अळीला कात टाकू देत नाही, आणि कात टाकता आली नाही की अळी मरते. दुसरी, बीटी, म्हणजे एका जिवाणूपासून केलेलं कीटकनाशक. भाजीवर सेंद्रिय म्हणून मारतात. ते अळ्या मारण्यासाठीच असतं आणि कोबीवरची अळी व मोनार्कची अळी असा भेद त्याला करता येत नाही. तिसरी, डासांसाठी अंगणात फवारणी करून देणाऱ्या सेवा. त्यातलं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक पानांवर कित्येक दिवस टिकतं आणि वाऱ्यानं कुंपण ओलांडतं. शेजारी फवारून घेत असतील तर त्यांच्याशी आधी बोलावं, फवारणीचा दिवस विचारावा, वारा कुठून कुठे वाहतो ते दाखवावं. आमच्या अनुभवात समोरचा माणूस बहुतेक वेळा ऐकतो. घरातल्या मांजरा-कुत्र्याला पिसवांचं औषध लावलं असेल तर त्या हातांनी अळ्यांच्या पानांना स्पर्शही करायचा नाही.

मिल्कवीडवर पिवळाजर्द मावा येणारच. तो झाड मारत नाही. आधी पान उलटून अंडी आणि लहान अळ्या पाहायच्या, मग बोटांनी मावा चिरडायचा किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं उडवायचा. मावा खातात म्हणून विकतचे लेडीबग आणून सोडू नयेत, ते मोनार्कची अंडीही खातात. आमच्या भागात कुंपणावर ब्लॅक स्वॅलोवर्ट नावाची वेल चढते. गर्द जांभळी, चांदणीसारखी बारीक फुलं आणि सडपातळ शेंगा. ही परदेशातून आलेली, मिल्कवीडच्याच कुळातली. मादी फसून तिच्यावर अंडी घालते आणि बाहेर पडलेल्या अळ्या उपाशी मरतात. शेंगा धरण्याआधी ती मुळासकट खणून काढावी लागते, नुसती ओढली तर पुन्हा फुटते.

मिल्कवीडइतकीच मधाची फुलंही लागतात, विशेषतः मेक्सिकोला जाणाऱ्या शेवटच्या पिढीला. आमच्याकडे जो-पाय वीड, आयर्नवीड, न्यू इंग्लंड ॲस्टर आणि गोल्डनरॉड आहे, शिवाय एक ओळ झिनियाची. गोल्डनरॉडनं शिंका येतात हा गैरसमज आहे. त्याचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्यावर उडत नाही. शिंका आणणारं रॅगवीड त्याच सुमारास फुलतं आणि बोल याला लागतो.

आता अळ्या. किती आत आणायच्या? झर्सीस सोसायटी ही कीटक संरक्षणाचं काम करणारी संस्था सांगते की एका माणसानं वर्षाकाठी दहापेक्षा जास्त पाळू नयेत. हा सल्ला आम्ही पाळतो आणि दुसऱ्यांनाही पाळायला सांगतो. बाहेर राहिलेल्या शंभर अंड्यांतून पाच फुलपाखरंही होत नाहीत, हे वाचून शेकडो अंडी घरात आणावीशी वाटतात, ती ओढ आम्हाला कळते. पण एका मादीची तीन-चारशे अंडी त्या हिशेबानंच असतात. घरात गर्दी केली की एक आजारी अळी सगळ्यांना घेऊन जाते. वर जी जगतात ती आजार घेऊन बाहेर जातात. शिवाय २०१९ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं की पूर्णपणे घरात वाढवलेल्या मोनार्कना शरद ऋतूत दक्षिणेची दिशा नीट धरता येत नाही. पुढे कॅनडात झालेल्या अभ्यासात बाहेर सोडल्यानंतर अशी फुलपाखरं दक्षिणेकडे गेल्याचंही दिसलं. वाद संपलेला नाही. म्हणून आम्ही पिंजरा घरात ठेवतच नाही, पडवीत ठेवतो, जिथे खरा दिवस, खरी रात्र आणि बाहेरचं तापमान मिळतं, फक्त दुपारचं थेट ऊन नाही. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय मोनार्क पाळताच येत नाहीत. तिथल्या मराठी मंडळींनी देशी मिल्कवीड आणि फुलं लावावीत आणि अंडी जागेवरच राहू द्यावीत.

अंडं कधीच पानावरून सुटं करायचं नाही. पान देठासकट खुडायचं. प्लास्टिकच्या छोट्या डब्यात तळाला दमट कागदी टॉवेल, वर पान, आणि एका डब्यात एकच अंडं. तीन ते पाच दिवसांत अंड्याचं टोक काळं दिसू लागतं. ते अळीचं डोकं. दुसऱ्या दिवशी ती बाहेर येते आणि आधी स्वतःचं कवच खाते. त्या वेळी ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते आणि पानातला चीक तिच्या जिवावर उठतो. ती पानावर गोल चर कुरतडून आधी चीक निथळू देते आणि मधलं खाते. तरी कित्येक अळ्यांचं तोंड चिकानं चिकटतं. म्हणून पहिले दोन-तीन दिवस शेंड्याची कोवळी पानं द्यायची, आणि खुडल्यावर देठ कागदावर टेकवून चीक टिपून घ्यायचा.

नऊ ते चौदा दिवसांत ही अळी जवळजवळ दोन हजार पट वजन वाढवते आणि दोन इंचांच्या आसपास पोचते. चार वेळा कात टाकते. कात टाकण्याआधी ती पान सोडून भिंतीवर किंवा झाकणावर जाऊन दिवसभर निश्चल बसते. शिंगं मलूल दिसतात, काही खात नाही. ती आजारी आहे असं वाटून उचलणं ही सगळ्यांत मोठी चूक. तिनं पायांखाली रेशमाचा थर घातलेला असतो, ओढलं की पाय फाटतात. ती जिथे आहे तो कागद किंवा पान कापून तसंच हलवायचं. टाकलेली कात ती पुढे खाते, तीही काढून घ्यायची नाही.

रोजचं काम असं: सकाळी डब्यातला कागद बदलायचा, विष्ठा टाकायची, पानं वाहत्या पाण्याखाली धुऊन पुसून द्यायची. पानावर पाणी राहू द्यायचं नाही आणि पिंजऱ्यात पाण्याची फवारणी करायची नाही. ओल, उष्णता आणि विष्ठा एकत्र आली की जिवाणू वाढतात. डब्याच्या झाकणाच्या आत वाफ जमलेली दिसली तर हवा कमी पडते आहे, झाकणाऐवजी जाळी बांधायची. अळी इंचभर झाली की तिला जाळीच्या पिंजऱ्यात हलवतो. तिथे मिल्कवीडच्या फांद्या पाण्याच्या बाटलीत उभ्या करतो आणि बाटलीचं तोंड फॉइलनं घट्ट बंद करतो. उघडं राहिलं तर अळी देठावरून खाली उतरते आणि बुडते.

ज्यांना हे सगळं नको असेल त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग आहे. रंग गाळायची पाच गॅलनची जाळीची पिशवी मिल्कवीडच्या फांदीवर चढवायची, आत दोन अळ्या ठेवायच्या आणि तोंड दोरीनं बांधायचं. त्याआधी फांदी पूर्ण तपासायची. कोळी, मुंग्या किंवा भक्षक ढेकूण आत राहिला तर आपणच त्याला जेवण वाढून दिलं असं होतं. पानं संपली की पिशवी दुसऱ्या फांदीवर.

बाहेरचे शत्रू पुष्कळ. गांधीलमाश्या अळ्या कापून नेतात, चिनी प्रार्थना कीटक मोठ्या अळ्या धरतात, मुंग्या अंडी पळवतात. सर्वांत फसवी असते टॅकिनिड माशी. घरमाशीसारखीच दिसते. ती अळीवर अंडं घालते, आतून किडा वाढतो, आणि बाहेरून अळी ठणठणीत दिसते. कोषात जाण्यासाठी उलटी लटकल्यावर ती मलूल सरळ लोंबते. मग पांढरा, लवचिक धागा खाली येतो आणि त्यावरून अळीतला किडा उतरतो. असा धागा दिसला की खालचे किडे आणि त्यांचे तपकिरी कोष गोळा करून टाकायचे. ही माशी मोठ्या अळ्यांना गाठते, म्हणून अंड्यापासून आत वाढवलेली अळी सहसा वाचते. अर्धवट वाढलेली अळी बाहेरून आणली की हा धोका पिंजऱ्यात येतो.

अळी काळी पडून, मधून वाकून, उलट्या व्ही अक्षरासारखी फांदीला लोंबत असेल आणि अंग पाण्यासारखं होत असेल तर तो विषाणूचा किंवा जिवाणूचा आजार. लोक त्याला ब्लॅक डेथ म्हणतात. त्या पिंजऱ्यातलं सगळं पान फेकायचं, उरलेल्या अळ्या एकेक डब्यात वेगळ्या करायच्या. आमच्याकडे हे एकदाच झालं, सात अळ्या एका छोट्या डब्यात सुट्टीत चार दिवस ठेवल्या होत्या तेव्हा.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो आजार वेगळाच आहे. ओफ्रायोसिस्टिस इलेक्ट्रोस्किर्हा, सगळे ओई म्हणतात. हा एकपेशीय परजीवी. आजारी फुलपाखराच्या पोटावरच्या खवल्यांमध्ये त्याचे बीजाणू असतात. मादी अंडी घालताना ते अंड्यावर आणि पानावर सांडतात, अळी कवच आणि पान खाताना ते गिळते. अळीत काही दिसत नाही. कोषात ते वाढतात. फुलपाखरू बाहेर येण्याच्या दोन-तीन दिवस आधी कोषावर दोन्ही बाजूंना सारखे नसलेले काळपट डाग दिसले तर शंका घ्यायची. कोषाचा हिरवा रंग शेवटच्या दिवशी गर्द होणं मात्र नेहमीचं आहे, आतले पंख रंगलेले दिसतात म्हणून. त्याला घाबरायचं नाही. जास्त लागण झालेलं फुलपाखरू कोषात अडकतं किंवा चुरगळलेल्या पंखांनी खाली पडतं. थोडी लागण झालेलं अगदी सुंदर दिसतं, उडतं, आणि शेकडो पानांवर बीजाणू पेरत जातं.

म्हणून प्रत्येक फुलपाखरू सोडण्याआधी तपासतो. अर्धा इंच पारदर्शक चिकटपट्टी घ्यायची. पंख मिटलेले असताना फुलपाखरू दोन बोटांत पंखांनी हळुवार धरायचं, पोटाच्या कडेला पट्टी अलगद टेकवून उचलायची आणि पांढऱ्या कार्डावर चिकटवायची. मुलांच्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही शंभर पट मोठं करून पाहता येतं. खवले रुंद, कडेला दातेरी. ओईचे बीजाणू खवल्यांपेक्षा कितीतरी लहान, गडद, लिंबासारखे दोन्ही टोकांना निमुळते. पट्टीभर बीजाणू दिसले तर ते फुलपाखरू सोडायचं नाही. कागदी पाकिटात घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं. पहिल्या वेळी हात पुढे होत नाही, कारण समोर दिसतं ते नुकतं पंख वाळवलेलं जिवंत फुलपाखरू असतं. तरी ते करावं लागतं, कारण सोडलं तर ते आपल्याच मिल्कवीडवर परत येतं.

पिंजरे, डबे, कात्री हे सगळं दर तुकडीनंतर धुतो. नुसतं साबणपाणी किंवा ऊन पुरत नाही. एक भाग घरगुती ब्लीच आणि चार भाग पाणी, त्यात किमान चार तास बुडवून ठेवायचं, मग भरपूर पाण्यानं धुऊन उन्हात वाळवायचं. दहा मिनिटं बुडवून काढणारे पुष्कळ जण आहेत, तेवढ्यानं ओईचे बीजाणू मरत नाहीत. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं काही मिसळायचं नाही, आणि हे काम उघड्यावरच करायचं.

कोषाचा भाग त्या मानानं सोपा. पूर्ण वाढलेली अळी खाणं थांबवते, पिंजराभर फिरते, छताला रेशमाची गाठ बांधते आणि इंग्रजी जे अक्षरासारखी लटकते. दहा ते अठरा तास. शिंगं सुरकुतून वळली आणि अंग सरळ होऊ लागलं की दोन-तीन मिनिटांत कात मागून फाटते. त्या वेळी पिंजरा हलवायचा नाही. नवा कोष एक दिवस मऊ असतो आणि टेरोमॅलस नावाची अगदी बारीक गांधील त्याच वेळी त्यात अंडी घालते, म्हणून जाळीची वीण बारीक हवी. कोष खाली पडला तर चोवीस तास तो कडक होऊ द्यायचा, मग वरच्या काळ्या दांडीला दात साफ करायचा धागा बांधून पिंजऱ्याच्या जाळीलगत टांगायचा. जाळीलगतच हवा, कारण बाहेर आलेल्या फुलपाखराला लगेच धरायला काहीतरी लागतं. त्याचे पंख खाली लोंबत राहिले तरच भरतात.

साधारण दहा ते चौदा दिवसांनी, बहुतेक सकाळी, ते बाहेर पडतं. खाली तांबडे थेंब पडतात, ते रक्त नाही. चार तास तरी हात लावायचा नाही. पाऊस किंवा थंडी असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत आतच ठेवायचं, कलिंगडाची फोड दिली तरी चालते. तापमान साठ फॅरनहाइटच्या वर असताना सोडायचं. मागच्या पंखावर शिरेलगत काळा ठिपका असेल तर नर.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कॉमन मिल्कवीडच्या तिसऱ्या हिश्श्याची झाडं एक फुटावर कापतो. ऑगस्टमधल्या माद्यांना कोवळी पानं मिळतात. आम्ही आत आणतो त्या दहा अंड्यांतली बहुतेक या कापलेल्या झाडांच्या नव्या शेंड्यांवरचीच असतात. कापण्याआधी प्रत्येक पान उलटून पाहावं लागतं, त्यात एक पूर्ण सकाळ जाते.

ऑगस्ट अखेरपासून जी जन्मतात ती वेगळी पिढी. उन्हाळ्यातलं मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतं, हे आठ-नऊ महिने. ते लगेच अंडी घालत नाही. ते तीन हजारांहून जास्त किलोमीटर उडत मध्य मेक्सिकोतल्या मिचोआकान आणि एस्तादो दे मेहिको या राज्यांतल्या ओयामेल वृक्षांच्या जंगलात जातं. तिथे समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटर उंचीवर ती झाडांना झुंबडीनं लटकून हिवाळा काढतात. ही जागा बाहेरच्या शास्त्रज्ञांना जानेवारी १९७५ मध्ये कळली. तिथे व्यापलेलं जंगल मोजून त्यांची संख्या ठरवतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात सुमारे १८ हेक्टर होतं, २०१३-१४ मध्ये ०.६७, २०२३-२४ मध्ये ०.९०, आणि पुढच्या वर्षी १.७९ हेक्टर. अमेरिकेच्या मधल्या राज्यांतल्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांतून तणनाशकानं मिल्कवीड संपलं हे या घसरणीचं एक मोठं कारण. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेनं मोनार्कला धोक्यातल्या जीवांच्या कायद्याचं संरक्षण देण्याचा प्रस्ताव मांडला.

कोण कुठवर पोचलं ते कळावं म्हणून या पिढीला आम्ही क्रमांकाचा टॅग लावतो. मोनार्क वॉच १९९२ पासून हे काम करते. गोल, नखाएवढे चिकट टॅग त्यांच्याकडून उन्हाळ्यात मागवून ठेवायचे. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मधोमध, हातमोज्याच्या आकाराचा मोठा कप्पा असतो, तिथेच टॅग बसतो. तो पंखाच्या मध्यावर असल्यानं उडण्याचा तोल जात नाही. चिकटवून दोन सेकंद दाबायचं. क्रमांक, तारीख, ठिकाण, नर की मादी, पाळलेलं की बागेत पकडलेलं, हे तिथल्या तिथे वहीत लिहायचं. नंतर लिहू म्हटलं की क्रमांकांची सरमिसळ होते आणि ती नोंद निरुपयोगी ठरते.

ऑक्टोबरात मिल्कवीडच्या शेंगा तपकिरी होऊन शिवणीला उकलू लागतात. पूर्ण उकलण्याआधी त्या तोडायच्या, नाहीतर रेशमासारखा कापूस बी घेऊन उडून जातो. शेंग उघडून कापसाचं टोक चिमटीत घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हातानं बी खाली ओढायचं, कापूस हातातच राहतो. बी कागदी पाकिटात, वर जात आणि वर्ष. पोकळ काड्या एप्रिलपर्यंत उभ्याच ठेवतो, त्यांत लहान मधमाश्या राहतात. मग नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी, जमीन अजून खणता येते तोवर, यातलं निम्मं बी कुंपणालगतच्या मोकळ्या जागेत पाव इंच खोल टाकतो आणि उरलेलं बी शेजाऱ्यांना देतो, पाकिटावर हातानं एकच ओळ लिहून: फवारू नका.